कॉलेजच्या कपाटातला जुना स्पेक्ट्रोस्कोप: ओळख, नोंद आणि जतन

जुना पितळी स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवून त्याचा वर्णपट दाखवणारं यंत्र, सापडला की माणसाचा हात आधी फडक्याकडे जातो. तो तिथेच थांबवा. फडकं, ब्रासो, पितांबरी, चिंच, लिंबू यांपैकी काहीही महिनाभर तरी त्या वस्तूच्या जवळ येऊ द्यायचं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी पितळेवर लाखेचा पातळ, सोनेरी झाकेचा थर दिलेला असतो. पॉलिश केलं की पितळ दिवाळीच्या समईसारखं चकाकतं, पण तो थर गेला की परत येत नाही. शिवाय अंशांच्या खुणा असलेल्या वर्तुळपट्टीवर बऱ्याचदा चांदीचा पत्रा जडवलेला असतो. त्यावरच्या रेषा केसाइतक्या बारीक असतात आणि त्यांत काळं मेण भरलेलं असतं. दोन-चार वेळा घासलं की मोजपट्टीच पुसट होते आणि मोजायचं यंत्र शोभेची वस्तू होऊन बसतं.

हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. जुन्या कॉलेजच्या पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र विभागात कपाटं आवरायचं काम ज्यांच्या गळ्यात पडलं आहे ते लॅब असिस्टंट आणि प्राध्यापक, संस्थेच्या शताब्दीनिमित्त दालन उभारायचं म्हणून जुन्या वस्तू गोळा करणारे, आणि घरच्या माळ्यावर अशी पेटी सापडलेले. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. उलट्या केल्या तर माहिती हरवते.

पहिली पायरी: जिथे आहे तिथेच फोटो

वस्तू कपाटातून काढण्याआधी कपाटाचा फोटो घ्या. स्पेक्ट्रोस्कोपच्या शेजारी ठेवलेली काचनळी, पुठ्ठ्याच्या डबीतला लोलक किंवा सुटा स्क्रू हे त्याचेच भाग असण्याची शक्यता मोठी असते. एकदा टेबलावर पाच यंत्रांचं सामान एकत्र झालं की कुठला आयपीस (डोळ्याकडचं भिंग) कुणाचा हे कुणालाही सांगता येत नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून आदल्या आठवड्यात होणारी साफसफाई या बाबतीत वाळवीपेक्षा जास्त नुकसान करते.

पेटी असेल तर ती यंत्राइतकीच जपा. आतल्या मखमलीत किंवा लाकडात कोरलेले खळगे बघा. रिकामा खळगा म्हणजे हरवलेला भाग आणि त्याचा आकारही तिथेच दिसतो. झाकणाच्या आतल्या बाजूला विक्रेत्याचा कागद चिकटवलेला सापडतो, कधी सामानाची यादीही मिळते.

दुसरी पायरी: जिवाला धोका आहे का?

स्पेक्ट्रोस्कोप बिचारा निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या सोबतच्या सामानातल्या चार गोष्टींपासून सावध राहा.

सगळ्यांत धोकादायक म्हणजे पोकळ लोलक. काचेच्या तीन भिंतींच्या आत कार्बन डायसल्फाइड भरलेलं असायचं, कारण त्यातून रंग काचेपेक्षा जास्त फाकतात. बन्सन आणि किर्खहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांच्या १८६० च्या लेखातल्या उपकरणातही असाच लोलक होता. हे द्रव विषारी आहे, ४६ अंश सेल्सिअसला उकळतं आणि ठिणगीच काय, तापलेल्या नळीच्या स्पर्शानेही पेट घेऊ शकतं. लोलकात द्रव दिसलं, तर तो उघडू नका, हलवू नका, उन्हात ठेवू नका. रसायनशास्त्र विभागातल्या जाणत्या माणसाला बोलवा.

दुसरं, सोडियमच्या ज्योतीसाठी बर्नरवर मिठाच्या पाण्यात भिजवलेली ॲस्बेस्टॉसची पट्टी लावायची पद्धत होती. पेटीत राखाडी, तंतुमय पुठ्ठ्यासारखं काही दिसलं तर ते चुरगाळायचं नाही, झिप लागणाऱ्या पिशवीत बंद करायचं. तिसरं, पाऱ्याचे दिवे. चौथं, गाइसलर नळ्या, म्हणजे विरळ वायू भरलेल्या, विजेने उजळणाऱ्या काचनळ्या. त्या फुटल्या तर काच उडते आणि चालू करायच्या तर हजारो व्होल्ट लागतात. ते सामान नुसतं बाजूला ठेवलं तरी पुरे.

तिसरी पायरी: हे नेमकं काय आहे?

इथे वेळ घालवा, कारण बहुतेक चुका इथेच होतात. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) ‘स्पेक्ट्रोस्कोप’ लिहिलेली वस्तू प्रत्यक्षात पोलरीमीटर निघते, किंवा उलट. साधी परीक्षा अशी: प्रकाश आत शिरतो त्या टोकाला दोन धारदार पातींमधली बारीक झिरी आहे का? झिरी असेल आणि पुढे लोलक किंवा ग्रेटिंग (बारीक समांतर रेषांनी प्रकाश फाकवणारा तुकडा) असेल, तर स्पेक्ट्रोस्कोप. मध्ये लांब पन्हळ, तिच्यात ठेवायची काचनळी आणि टोकाला फिरणारी चकती असेल, तर साखरेचं प्रमाण मोजायचा पोलरीमीटर. नगर-कोल्हापूरकडच्या साखरपट्ट्यात तो जागोजागी सापडेल, पण तो या कुटुंबातला नव्हे.

आता प्रकार.

तीन नळ्या एका लोलकाकडे तोंड करून उभ्या असतील, तर तो बन्सन-किर्खहॉफ घराण्यातला. १८५९ मध्ये हायडेलबर्गला या दोघांनी ज्योतीतल्या रंगरेषांवरून मूलद्रव्य ओळखायची रीत बसवली. १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं त्यांनी याच रीतीने शोधली. पहिल्या नळीला झिरी असते, दुसरी बघायची दुर्बीण आणि तिसऱ्या नळीच्या टोकाला काचेवर छापलेली इवलीशी मोजपट्टी असते. त्या पट्टीमागे मेणबत्ती ठेवली की तिची प्रतिमा लोलकाच्या पृष्ठावरून परावर्तित होऊन वर्णपटावरच उमटते. ही तिसरी नळी बघूनच प्रकार ओळखायचा. अनेकदा नेमकी तीच हरवलेली असते आणि मग उरलेल्या दोन नळ्यांना लोक ‘अर्धवट स्पेक्ट्रोमीटर’ म्हणून मोकळे होतात. बैठकीवर तिसऱ्या आधाराची भोकं आहेत का, ते तपासा.

मोठी अंशपट्टी, दोन व्हर्निअर (अंशाचे बारीक भाग वाचायच्या जोडपट्ट्या), मधोमध तीन स्क्रूंचं लोलक-टेबल असेल, तर तो बी.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने शिव्या घातलेला स्पेक्ट्रोमीटर. जर्मनीच्या फ्राउनहोफरने १८१४ मध्ये सर्वेक्षणाच्या थिओडोलाइटपुढे (कोन मोजायच्या दुर्बिणीपुढे) लोलक ठेवून सूर्याच्या वर्णपटातल्या पाचशेहून अधिक काळ्या रेषा टिपल्या. आजच्या स्पेक्ट्रोमीटरची ठेवण थेट तिथून आलेली आहे. फ्राउनहोफरचं उपकरण म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. आपल्याकडचे बहुसंख्य नमुने मात्र हरियाणातल्या अंबाल्याच्या कारखान्यांतले. म्हणून ते टाकाऊ ठरत नाहीत. स्वातंत्र्यानंतर देशभरातली विज्ञान शाखेची मुलं ज्या यंत्रांवर शिकली, ती यंत्रंही इतिहासच आहेत. फक्त त्यांना ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून खपवू नका.

दुर्बीण आणि कोलिमेटर (झिरीची, किरण समांतर करणारी नळी) एकमेकांशी काटकोनात पक्के बसवलेले, लोलक चौकोनी-विचित्र आकाराचा आणि बाजूला पेचदार खुणांचा ड्रम असेल, तर तो स्थिर-विचलन स्पेक्ट्रोमीटर. यातला लोलक पेलॅं आणि ब्रोका यांनी १८९९ मध्ये सुचवला. ड्रम फिरवला की नळ्या न हलवता तरंगलांबी सरळ वाचता येते. लंडनच्या ॲडम हिल्गर कंपनीने हा प्रकार जगभर पोचवला. ड्रमवरचं एकक नक्की टिपा. ॲंगस्ट्रॉम आहे, मायक्रॉनच्या हजाराव्या भागाची दोन ‘म्यू’ची जुनी खूण आहे की नॅनोमीटर? नॅनोमीटर छापलेला ड्रम सहसा १९६० च्या अलीकडचा.

बोटभर ते वीतभर लांबीची सरळ नळी, एका टोकाला झिरी, दुसऱ्या टोकाला डोळा. हा झाला थेट-दर्शन किंवा खिशातला स्पेक्ट्रोस्कोप. आत क्राउन आणि फ्लिंट या दोन जातींच्या काचेचे तीन, पाच किंवा सात लोलक एकाआड एक चिकटवलेले असतात, त्यामुळे किरण रंगांत फाकतो पण वाकत नाही. ही कल्पना इटलीच्या आमिचीची. दिसायला खेळणं, पण कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन यांना विखुरलेल्या प्रकाशातली नवी रेषा दिसली ती अशाच खिशातल्या स्पेक्ट्रोस्कोपमधून. मोजमापासाठी हिल्गरचा छोटा क्वार्ट्झ स्पेक्ट्रोग्राफ नंतर लागला. म्हणून ‘लहान आहे, काय विशेष’ म्हणत हा नमुना ड्रॉवरमध्ये लोटू नका. याच प्रकाराने विलायतेत १८७० नंतर एक टूम निघाली होती. आकाशाकडे बघायचं, सोडियमच्या पिवळ्या रेषेशेजारी पाण्याच्या वाफेचा पट्टा किती गडद आहे ते पाहायचं आणि पाऊस येणार की नाही ते सांगायचं. स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ तिचे खंदे पुरस्कर्ते होते. विक्रेत्यांनी हे स्पेक्ट्रोस्कोप पर्जन्यदर्शक म्हणूनही विकले.

एक जागा लोक हमखास विसरतात, ती म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीरक्रियाशास्त्र विभाग. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे शोषणपट्टे होप-झायलरने १८६२ मध्ये दाखवले आणि ऑक्सिजन काढून घेतल्यावर ते पट्टे बदलतात हे स्टोक्सने १८६४ मध्ये. कोळशाच्या धुराने माणूस गुदमरून मेला का, हे त्यावरून कळू लागलं. त्यामुळे जुन्या मेडिकल कॉलेजातही स्पेक्ट्रोस्कोप असायचे, सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवर बसवायचेही असायचे. तिथे ते ‘सूक्ष्मदर्शकाचा सुटा भाग’ म्हणून पडलेले असतात.

चौथी पायरी: नाव वाचणं

कोरलेलं नाव कारागिराचंच असेल असं नाही. मुंबई-कोलकात्यातले विक्रेते विलायती मालावर आपलं नाव घालून घेत. म्हणून मजकूर जसाच्या तसा उतरवा: ओळी, विरामचिन्हं, चुका यांसकट. पत्ता सोडू नका. लंडनच्या जॉन ब्राउनिंगचा सुरुवातीचा पत्ता मिनोरीज, नंतरचा ६३, स्ट्रॅंड. एवढ्यावरून काळ मागे-पुढे ढकलता येतो. पॅरिसचे झ्यूल द्युबोस्क १८८६ मध्ये वारले, पुढे पेढी फिलिबेर पेलॅं यांच्या नावाने चालली. ‘हिल्गर अँड वॉट्स’ असेल तर १९४८ च्या आधीचा असणं शक्यच नाही, कारण दोन कंपन्या एकत्र आल्या त्या वर्षी. कार्ल त्साइस, येना याआधी ‘व्हीईबी’ ही अक्षरं असतील, तर माल पूर्व जर्मनीतला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ‘मेड इन जर्मनी’ ही खूण १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर रूढ झाली.

ग्रेटिंगचं नाव ग्रेटिंगवरच शोधा. धातूच्या आरशासारख्या तुकड्यावर, कडेला सुईने ओरखडल्यासारखी अक्षरं आणि दर इंची रेषांचा आकडा असेल, तर श्वास रोखून खाली ठेवा. बाल्टिमोरच्या हेन्री रोलंडने १८८२ पासून स्पेक्युलम या आरशाच्या मिश्रधातूवर आखलेली ग्रेटिंग जगभर गेली. त्याच्या पहिल्या यंत्राचा आकडा इंचाला १४,४३८. आपल्या प्रयोगशाळेतली नेहमीची ग्रेटिंग इंचाला १५,००० रेषांची. दोन्हींत फरक करायचा तर हात न लावता लाल लेझर पॉइंटर वापरा. किरण ग्रेटिंगवर काटकोनात पाडून एक मीटरवरच्या कागदावर मधल्या ठिपक्यापासून पहिल्या ठिपक्याचं अंतर मोजा. ६५० नॅनोमीटरच्या लेझरला १४,४३८ साठी ते साधारण ३९.८ सेंटिमीटर येईल आणि १५,००० साठी ४१.६. स्वस्त पॉइंटरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. आधी माहितीच्या ग्रेटिंगवर मोजून पॉइंटरची खरी तरंगलांबी काढून घ्या. धातूच्या ग्रेटिंगवरून किरण परततो, म्हणून कागदाला मधोमध भोक पाडून त्यातून लेझर सोडा आणि डोळे आडोशाला ठेवा.

पाचवी पायरी: रजिस्टर

खरं काम इथे आहे. कपाटातलं पितळ म्हणजे अर्धी वस्तू, उरलेली अर्धी कागदात असते. डेड स्टॉक रजिस्टरच्या जुन्या वह्या काढायला सांगा. ‘मिळत नाहीत’ हे पहिलं उत्तर असतं. ऑफिसच्या माळ्यावर बघा. यंत्रावर पांढऱ्या रंगाने घातलेला आकडा, खरेदीची तारीख, विक्रेता, किंमत आणि कुठल्या विभागातून कुठे गेला, एवढं जुळलं तरी वस्तूचं मोल बदलतं. सोबत विद्यार्थ्यांची जर्नलं, परीक्षांच्या प्रॅक्टिकलच्या याद्या, गॅदरिंगच्या अंकातले प्रयोगशाळेचे फोटो आणि निवृत्त लॅब असिस्टंटच्या आठवणीही घ्या. निवृत्त शिपायाला विचारायची लाज वाटू देऊ नका. कुठलं यंत्र कुठल्या सरांनी कुणाला हात लावू दिलं नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

प्रत्येक वस्तूला एक पान द्या. त्यावर इतकं हवं: संग्रह क्रमांक, जुना डेड स्टॉक क्रमांक, प्रकार, कोरलेला मजकूर, मापं सेंटिमीटरमध्ये, वजन, धातू-काच-लाकूड, भागांची यादी, हरवलेले भाग, सध्याची स्थिती, कुठे ठेवलंय, कुणी नोंद केली आणि तारीख. ‘अंदाजे’ आणि ‘नक्की’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. काळ कशावरून ठरवला ते शेजारीच लिहा, म्हणजे पुढच्याला तपासता येईल.

वापराच्या खुणाही लिहा. झिरीकडच्या टोकाची लाख बर्नरच्या आचेने तांबूस-काळी झाली आहे का? झिरीच्या पात्यांजवळ हिरवे ठिपके आहेत का? ज्योतीत धरलेल्या मिठाचे कण उडून तिथे बसतात आणि पितळ गंजवतात. मोजपट्टीच्या नळीवर मेणाचे ओघळ, व्हर्निअरजवळ पेन्सिलीने खरडलेली शून्य-चूक, पेटीवर कुणीतरी शाईने लिहिलेला खोली क्रमांक. हे सगळं पुसून टाकलं की उरतं ते कॅटलॉगातलं चित्र. जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहात ब्राउनिंगचा पितळी स्पेक्ट्रोस्कोप सापडेल, पण तुमच्या कॉलेजात पन्नास वर्षं मीठ जाळलेला एकच.

क्रमांक घालताना स्टिकर, सेलोटेप किंवा फेव्हिक्विक नको. सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. कायमचा आकडा हवाच असेल, तर न दिसणाऱ्या भागावर पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर, त्यावर शाईने आकडा आणि त्यावर पुन्हा थर. ॲसिटोनने तो कधीही काढता येतो. मात्र लाखेवर ॲसिटोन लावू नका, म्हणून जागा उघड्या लोखंडाची किंवा लाकडाची निवडा.

सहावी पायरी: चालतो का, ते बघणं

जे सहज फिरतं तेच फिरवा. अडकलेल्या स्क्रूला पक्कड लावायची नाही, रॉकेल किंवा गंजनाशक फवारा मारायचा नाही. आयपीसमधल्या फुलीच्या तारा जुन्या यंत्रांत कोळ्याच्या धाग्याच्या असतात. तिथे फुंकर मारली तरी तुटतात. बोट तर दूरच.

प्रकाशाचा स्रोत निवडताना आजकाल एक गफलत होते. खोलीतल्या एलईडी ट्यूबकडे स्पेक्ट्रोस्कोप धरला तर सलग इंद्रधनुष्य दिसतं, रेषा एकही नाही, आणि लोक यंत्र बिघडलं म्हणतात. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत अशा रेषा नसतात. जुना सीएफएल शोधा. त्यात पाऱ्याच्या रेषा मिळतात: जांभळी ४३५.८ आणि हिरवी ५४६.१ नॅनोमीटर. शिवाय ६११ च्या आसपास ठळक नारिंगी-लाल रेषा दिसते, ती दिव्यातल्या युरोपियमची. मोजपट्टी तपासायला एवढं भरपूर झालं. सोडियम दिव्याची पिवळी रेषा जोडीने दिसली (५८९.० आणि ५८९.६) तर लोलक, झिरी आणि भिंगं तिन्ही ठीक आहेत. अडीच सेंटिमीटर पायाच्या बऱ्या फ्लिंट लोलकाला हे जमायला हवं. जोडी नाही दिसली तर आधी झिरी अरुंद करा, लोलकाला दोष नंतर द्या. वर्णपटात लांबीभर आडव्या काळ्या रेघा दिसल्या तर ती झिरीतली धूळ. सूर्याच्या रेषा त्यांना काटकोनात असतात.

खिशातला असेल तर दिवसा ढगाळ आकाशाकडे धरा, सूर्याकडे कधीही नाही. हायड्रोजनची ४८६.१ ची निळी-हिरवी ‘एफ’ रेषा, मॅग्नेशियमचा ५१७-५१८ चा हिरवा ‘बी’ गट आणि सोडियमची ‘डी’ या काळ्या रेषा दिसल्या, म्हणजे लोलकांमधला कॅनडा बाल्सम (काचा चिकटवायची राळ) अजून धरून आहे. बाल्सम सुटला असेल तर काचेत पिवळसर, फांद्याफांद्यांचे डाग दिसतात. ते दुरुस्त करायच्या फंदात पडू नका.

सातवी पायरी: आता फडकं

आता रबरी फुंकणीने धूळ उडवा, आयपीस सोडून. मऊ, स्वच्छ कुंचला चालेल. पितळेला कोरडं, धुऊन मऊ झालेलं मलमलचं फडकं, दाब न देता. बस. काच फारच मळली असेल तर कापसाच्या बोळ्याला डिस्टिल्ड वॉटरचा थेंब, एकदाच, एका दिशेने. चिकटवलेल्या लोलकांना स्पिरिट, अल्कोहोल किंवा झायलीन लावलं तर बाल्सम विरघळतो. जड फ्लिंट काचेवर जांभळट-निळी झाक दिसते ती शिशाच्या काचेवर काळाने आलेली कांती. घासून काढायची गोष्ट नव्हे, कारण तिने प्रतिमा बिघडत नाही. आणि पारदर्शक ठोकळ्याला ओलं बोट लावून चाखून पाहणाऱ्यांना एक सूचना: अवरक्त प्रकाशाचे लोलक खरोखर सैंधवाचे असतात. कोकणातल्या एका पावसाळ्यात त्याच्या धारा बोथट होतात. तो हवाबंद बरणीत, सिलिका जेलच्या सोबतीला ठेवायचा आणि पाण्याचा थेंबही लावायचा नाही.

आठवी पायरी: पावसाळा

आपल्याकडे स्पेक्ट्रोस्कोपचा शत्रू जून ते सप्टेंबर. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर उत्तम, पण ती रात्रंदिवस स्थिर ठेवणं जास्त महत्त्वाचं. दिवसा एसी आणि रात्री बंद, असा प्रकार बिनएसी खोलीपेक्षा वाईट. बंद चामडी डबीत लोलकावर बुरशी धरते आणि काचेवर जाळीदार खुणा कायमच्या राहतात. पावसाळ्यात लोलक डबीबाहेर, हवा खेळेल अशा स्वच्छ पेटीत ठेवा. सिलिका जेल नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. दर पंधरवड्याला रंग बघून तापवून घ्या.

कपाट नवं प्लायवूडचं नको. त्यातून आम्लाच्या वाफा येतात आणि पितळ, शिसं दोन्ही खातात. जुनं लोखंडी गोदरेज बरं. लोकरी कापड आणि रबर गंधक सोडतात, चांदीची पट्टी काळी पडते. डांबराच्या गोळ्या आणि वर्तमानपत्राचं वेष्टन हे दोन्ही घरगुती उपाय इथे चालत नाहीत.

नववी पायरी: संग्रहात जागा

यंत्र एकटं मांडू नका. बन्सन प्रकाराच्या शेजारी बर्नर, क्षारांच्या बाटल्या, प्लॅटिनमची तार, आणि शक्य असेल तर त्याच यंत्रावर वाचन घेतलेलं एखादं विद्यार्थ्याचं जर्नल उघडून ठेवा. बघणाऱ्याला झिरीतून डोकावता येईल असा एक साधा, नवा स्पेक्ट्रोस्कोप बाजूला ठेवा, जुन्याला हात लावायची हौस तिकडे भागते.

लेबल लिहिताना महाराष्ट्रात एक मोह आवरावा लागतो, तो विजयदुर्गाचा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं दरवर्षी ‘हेलियम दिना’ला छापून येतं. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ग्रहणात वर्णपट बघणारे आपल्या भागात होते ते जमखंडी संस्थानात: रॉयल सोसायटीच्या मोहिमेतले लेफ्टनंट जॉन हर्शल. ढगांच्या फटीतून त्यांनी सौरज्वालेच्या लाल, नारिंगी आणि निळ्या अशा तीन तेजस्वी रेषा पाहिल्या. तिकडे गुंटूरला फ्रान्सच्या यान्सेनने ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसतानाही त्या रेषा दिसतात हे दाखवलं. लॉकयरने २० ऑक्टोबरला, ब्राउनिंगने नुकत्याच बनवून दिलेल्या स्पेक्ट्रोस्कोपने, तेच इंग्लंडमधून केलं. हर्शलना नारिंगी भासलेली पिवळी रेषा सोडियमची नव्हे हे त्यानंतर स्पष्ट झालं, आणि पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅमसेच्या हाती लागला तो १८९५ मध्ये. लॉकयर विजयदुर्गाला आला होता हे मात्र खरं. ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्याला खरा इतिहास असताना खोटा चिकटवायची गरज काय, हे मला कळत नाही.

त्याच ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला तळ ठोकून होते. सायन्स कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी. तिथे १८८८ च्या सुमारास भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा वर्णपटांच्या कामासाठीच होती. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ती बंद झाली आणि वीस इंची ग्रब दुर्बिणीसह उपकरणं कोडाईकनालला गेली. पुण्यातल्या एखाद्या कपाटात त्या काळाचा काही सुटा भाग निघाला तर आधी ‘तख्तसिंहजींचा’ म्हणून पाटी लावू नका. जुना आकडा, कोरलेलं नाव आणि कागद तिन्ही जुळले तरच. नाहीतर ‘पुण्यात वापरात असलेला, सुमारे अमुक काळातला’ एवढंच प्रामाणिक लेबल पुरतं.

तुलनेसाठी लंडनचं सायन्स म्युझियम, केंब्रिजचं व्हिपल, ऑक्सफर्डचं विज्ञान-इतिहास संग्रहालय, हार्वर्डचा उपकरण-संग्रह आणि हार्लेमचं टेलर्स म्युझियम यांच्या ऑनलाइन याद्या चाळा. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन यांची उपकरणं आहेत. आपल्या नमुन्याचे स्क्रू, पाय, नळीच्या टोकाच्या कडा आणि अक्षरांची वळणं त्यांच्या फोटोंशी ताडून बघा. नुसतं ‘असाच दिसतो’ हे पुरावा नव्हे. कारखानदार एकमेकांची सर्रास नक्कल करत.

दहावी पायरी: निर्लेखन होऊ न देणं

आपल्याकडे जुनं यंत्र वाळवीने कमी आणि फाइलीने जास्त मरतं. ‘निरुपयोगी’ शेरा, वस्तू रजिस्टरमधून बाद करणाऱ्या निर्लेखन समितीची सही, भंगारवाल्याचा किलोचा भाव, संपलं. म्हणून वर्गवारी बदलून घ्या. डेड स्टॉकमधून काढून ‘वारसा संग्रह’ असं वेगळं रजिस्टर करा. त्यासाठी कार्यकारी मंडळाचा किंवा महाविद्यालय विकास समितीचा ठराव घ्या. त्यात प्रत्येक वस्तू क्रमांकाने लिहा, ‘इतर जुनी उपकरणे’ असं मोघम नको. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ लक्षात ठेवा. विज्ञानाची साक्ष देणाऱ्या वस्तूही त्या व्याख्येत येतात आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी खरेदीदाराची चौकशी आली तर हेच उत्तर द्या.

नोंदींच्या तीन प्रती करा: एक विभागात, एक ग्रंथालयात, एक कॉलेजच्या सर्व्हरवर. ग्रंथालयातली प्रत कागदावर हवी, आणि ग्रंथपालांकडून दाखल क्रमांक घालून घ्या. तो क्रमांक वारसा रजिस्टरच्या पहिल्या पानावरही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या विभागप्रमुखाला कुठे शोधायचं ते कळेल.